झारेकऱ्याच्या नजरेनं याखिमोव

पहिला दिवस, गुरुवार

हुपरीच्या आमच्या घरात कामाच्या खोलीतला केर उकिरड्यावर जात नाही. तार जंत्रीतून ओढताना, पैंजणाला कानस मारताना चांदीचा जो कीस पडतो, तो धुळीत मिसळतो. ती धूळ झाडून पोत्यात भरायची आणि पोतं भरलं की झारेकऱ्याला द्यायची. तो ती धुतो, चाळतो, भट्टीत घालतो आणि आम्हाला जिथे नुसती माती दिसली तिथून चांदी काढतो. लहानपणी मला तो जादूगार वाटायचा.

यंदा आबा दोन महिन्यांसाठी माझ्याकडे प्रागला आले. सगळं आयुष्य चांदीत गेलेला माणूस. इथले पूल, किल्ले, चर्च त्यांनी शांतपणे पाहिले, पण आठव्या दिवशी विचारलं, "पोरी, ह्या मुलखात चांदी कुठं निघत हुती?" मला उत्तर माहीत होतं. गेली सहा वर्षं मी "जाऊ कधीतरी" म्हणत ज्या गावाला टाळत आले होते, तिथे जायचं ठरलं. गावाचं नाव याखिमोव.

प्रागहून आगगाडीनं कार्लोवी वारी आणि तिथून बस. तासाभराचाही रस्ता नाही. ऑस्त्रोव गाव मागे पडलं की बस एका अरुंद खोऱ्यात शिरते आणि दोन्ही बाजूंनी क्रुश्ने होरी नावाचे डोंगर जवळ येतात. सप्टेंबर होता. रस्त्याकडेला यर्झाब नावाच्या झाडांना लाल फळांचे घोस लागले होते. डोंगराच्या पलीकडे जर्मनीचं साक्सनी राज्य.

गावाची रचना पहिल्याच नजरेत कळते, कारण गाव म्हणजे मुळात एकच रस्ता आहे. खाली सपाटीला उपचारकेंद्रं, बागा आणि पांढरीशुभ्र भव्य हॉटेलं. तिथून रस्ता चढत चढत जुन्या चौकापर्यंत जातो. चढावर दोन्ही बाजूंना जुनी घरं. काही नव्यानं रंगवलेली, काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आबा अशा बंद घरांसमोर थांबून दरवाज्यांच्या दगडी चौकटी बघत होते. चौकटी श्रीमंत होत्या. "हे कुणाचं वाडं?" त्यांनी विचारलं. ते सांगायला पुढचे तीन दिवस लागले.

संध्याकाळी खोलीवर चहा घेताना मी सुरुवातीची गोष्ट सांगितली. इथे कोनराड्सग्र्यून नावाची एक ओसाड पडलेली वस्ती होती. 1516 साली तिथे चांदीची शिर सापडली. जमीन श्लिक घराण्याची. श्टेपान श्लिक या सरदारानं लगेच वस्ती वसवली आणि माणसं लोटली. खाणकाम जाणणारे लोक डोंगरापलीकडून, साक्सनीतून आले. तिकडे आन्नाबेर्ग नावाचं चांदीचं गाव आधीच नावारूपाला आलं होतं. ते संत आन्ना हिच्या, म्हणजे मरियमच्या आईच्या नावाचं. म्हणून या नव्या खोऱ्याला आन्नाच्या नवऱ्याचं, संत योआखिमचं नाव दिलं: जर्मनमध्ये योआखिमस्थाल, योआखिमचं खोरं. चेक भाषेत तेच याखिमोव. पलीकडे मरियमच्या नावाचं मारिएनबेर्गही आहे. आबांना हे फार आवडलं. "म्हंजे बाप, आई, लेक. अख्खं घरच डोंगरात वसवलं की."

1520 मध्ये बोहेमियाचा, म्हणजे आताच्या चेक देशाच्या पश्चिम भागाचा, राजा लुडविक यानं याला स्वतंत्र राजनगराचा दर्जा दिला. 1530च्या दशकात लोकसंख्या सुमारे 18 हजारांवर गेली; बोहेमियात प्रागनंतर हेच मोठं शहर. आज इथे अडीच हजारांच्या आतबाहेर माणसं राहतात. रात्री खिडकीतून दिसणारे दिवे मोजता आले असते.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी चढ चढून चौकात गेलो. आबांचे गुडघे दुखतात, म्हणून दर शंभर पावलांवर थांबत. त्या थांबण्यामुळेच पुष्कळ दिसलं.

संत योआखिमचं चर्च 1534 ते 1540 या काळात बांधलं गेलं. बोहेमियात लुथरपंथी प्रोटेस्टंटांनी स्वतःसाठी बांधलेलं हे पहिलं चर्च. 1873 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, त्यात हेही जळालं आणि चित्रकार लुकास क्रानाखची वेदीचित्रं गेली. आत्ता दिसतं ते त्यानंतर उभं केलेलं. इथला धर्मोपदेशक योहानेस माथेसियुस लुथरच्या पंगतीला बसलेला माणूस. तो खाणीत राबणाऱ्या लोकांसमोर उभा राहून खाणीवरच प्रवचनं द्यायचा: शिरा, धातू, भट्ट्या, वजनं. त्या प्रवचनांचं पुस्तक 1562 साली निघालं. मला या माणसाबद्दल आदर वाटतो. समोरचा ज्या कामात मरतो आहे, त्या कामाची भाषा शिकून त्याच्याशी देवाबद्दल बोलायचं, याला मोठं मन लागतं.

त्याच काळी इथे लॅटिन शाळा होती आणि तिचा ग्रंथसंग्रह नगरभवनात आजही जपून ठेवला आहे. जाडजूड पुठ्ठ्यांची, कातडी बांधणीची पुस्तकं. आगीतून, युद्धांतून, दोनदा माणसं बदललेल्या गावातून ही पुस्तकं टिकली. चांदी मात्र इथे औषधालाही उरलेली नाही.

टांकसाळ चौकापासून दोन पावलांवर आहे. आज तिथे संग्रहालय आहे. खरी गोष्ट तिथे सुरू होते.

श्लिकांना इतकी चांदी मिळत होती की ती नुसती विकण्यापेक्षा तिची नाणी पाडणं फायद्याचं होतं. 1519 च्या सुमारास त्यांनी पाडायला सुरुवात केली आणि 1520 मध्ये बोहेमियाच्या सभेकडून त्याला मान्यता मिळवली. नाणं मोठं होतं. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह आणि राजाचं नाव. वजन सुमारे 29 ग्रॅम. आबांनी काचेला कपाळ टेकवून ते बराच वेळ पाहिलं. मी वजन सांगितल्यावर त्यांनी हाताचा तळवा वर केला, जसं काही त्यावर नाणं ठेवलं आहे.

"आपला राजा छाप रुपया एक तोळ्याचा," ते म्हणाले. "म्हंजे हे अडीच तोळं. अडीच रुपयं एका नाण्यात."

हिशेब बरोबर होता. हुपरीत जुने राजा छाप रुपये आटवून पैंजण घडवलेल्या माणसाच्या हातात ते वजन कायमचं बसलेलं असतं.

या नाण्याला लोक योआखिमस्थालर म्हणू लागले, मग नुसतं थालर. चेकमध्ये टोलार. डच लोकांनी डाल्डर केलं, इंग्रजीत डॉलर झालं. 1785 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसनं आपल्या चलनासाठी हेच नाव घेतलं. स्लोव्हेनिया देशाचं चलन अगदी 2006 सालापर्यंत टोलार होतं. या उतारावरच्या एका खोऱ्याचं नाव आज जगभर माणसं रोज उच्चारतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण त्या इमारतीच्या जाड भिंतीला हात लावल्यावर ते वेगळं वाटलं. आपल्याकडे रुपया हा शब्द रूप्य म्हणजे चांदीवरून आला. तो धातूचा शब्द आहे. त्यांचा मातीचा, जागेचा शब्द आहे.

आणि एक धागा थेट आपल्याकडे येतो. ऑस्ट्रियाची राणी मारिया तेरेसा हिचा थालर तिच्या मृत्यूनंतरही 1780 हेच साल घालून पाडत राहिले, कारण अरबस्तानात आणि इथिओपियात व्यापारी दुसरं नाणं घ्यायलाच तयार नसत. दुसऱ्या महायुद्धात, 1940-41 मध्ये, तो थालर मुंबईच्या टांकसाळीत पाडला गेला. याखिमोवच्या नाण्याचा वंशज फोर्टातल्या टांकसाळीतून बाहेर पडला. आबा मुंबईला कित्येकदा त्या इमारतीवरून चालत गेले आहेत.

श्लिकांचं पुढे काय झालं हे त्यांनीच विचारलं. श्टेपान 1526 साली मोहाचच्या लढाईत राजा लुडविकबरोबर तुर्कांशी लढताना गेला. नवा राजा फर्डिनांड हाब्सबुर्ग घराण्याचा. त्यानं 1528 मध्ये टांकसाळ ताब्यात घेतली; आत्ताची ही इमारतही त्याच्याच अमलात बांधलेली. 1547 पर्यंत बंडाचं निमित्त होऊन खाणीही राजाकडे गेल्या. घराण्याच्या हातात चांदीचं खोरं जेमतेम तीस वर्षं राहिलं.

राबणाऱ्यांच्या हातात तर तेवढंही नाही. खाणीचे 128 हिस्से असत, त्यांना कुक्स म्हणत, आणि ते दूर दूरच्या शहरांतल्या सावकारांच्या तिजोरीत असत. 1525 साली इथल्या खाणमजुरांनी बंड केलं, नगरभवनात घुसले, मागण्या मांडल्या. काही मान्यही झाल्या.

संग्रहालयात खाणकामाची जुनी काष्ठचित्रं मोठी करून लावलेली आहेत: शिड्यांवरून उतरणारी माणसं, पाणी उपसणारी प्रचंड चाकं, लांब मेजापाशी बसून दगड निवडणाऱ्या बायका. ही चित्रं गेऑर्ग आग्रिकोलाच्या ग्रंथातली. आग्रिकोला 1527 ते 1531 मध्ये इथे गावाचा डॉक्टर होता. आजारी खाणमजूर तपासता तपासता त्यानं खाणी पाहिल्या, भट्ट्या पाहिल्या, विचारत राहिला. त्यातून आयुष्यभराचं काम उभं राहिलं. त्याचा मोठा ग्रंथ 1556 साली बासेलला छापला गेला, तो गेल्यानंतर. पुढे जवळजवळ दोनशे वर्षं युरोपातल्या खाणी त्या पुस्तकावर चालल्या.

आबा एका चित्रापुढे थांबले ते हलेनात. चित्रात भट्टीपाशी एक माणूस तोंडासमोर फळी धरून, तिच्या फटीतून आगीकडे बघतो आहे. "ह्यो बघ," ते म्हणाले. "डोळं वाचवतोय. शिसं घालून चांदी साफ कराय लागलाय. मूस वळखली मी." आबांना जर्मन येत नाही, लॅटिन येत नाही, चेक येत नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचं काम त्यांनी मला समजावून सांगितलं: शिसं मळ शोषून घेतं, चांदी तेवढी मागे राहते, शेवटी ती एकदम चमकते, आणि ती चमक दिसण्याआधी फुंकणं थांबवलं तर कच्ची राहते. शेजारी उभी असलेली संग्रहालयातली बाई आमच्याकडे बघत होती. मी तिला चेकमध्ये सांगितलं तेव्हा तिनं आबांशी हस्तांदोलन केलं.

आग्रिकोलानं एक गोष्ट लिहून ठेवली आहे. कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींमध्ये अशा बायका आहेत की ज्यांनी सात-सात नवरे केले, आणि सातही फुप्फुसाच्या क्षयानं गेले. इथल्या क्रुश्ने होरीतही खाणमजूर चाळिशीच्या आतच दम लागून मरत. त्याला डोंगराचा रोग म्हणत. पुष्कळ नंतर, विसाव्या शतकात कळलं की त्यातल्या अनेकांना फुप्फुसाचा कर्करोग होता आणि कारण होतं खाणीच्या हवेतला किरणोत्सारी रेडॉन वायू. तो कुठून येतो हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो ज्या दगडातून येत होता, तो दगड ते कचरा म्हणून बाजूला टाकत होते.

तिसरा दिवस, शनिवार

त्या कचऱ्याबद्दल सांगितल्याशिवाय याखिमोव कळत नाही, म्हणून आज सावकाश लिहिते.

इथल्या शिरा साध्या नाहीत. एकाच शिरेत चांदी, कोबाल्ट, निकेल, बिस्मथ, आर्सेनिक आणि युरेनियम. चांदी बहुतेक वरच्या थरात. खाली जावं तशी ती विरळ होते आणि दुसरंच काही भेटतं.

पहिला कचरा कोबाल्टचा. चांदीसारखाच दिसणारा दगड भट्टीत घातला की चांदी निघायची नाही, उलट विषारी धूर निघायचा. खाणमजूर म्हणत, डोंगरातल्या कोबोल्ट नावाच्या भुतानं चांदी पळवली आणि हे मागे ठेवलं. त्या भुताच्या नावावरूनच धातूचं नाव पडलं. मग कळलं की त्यापासून काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना गडद निळा रंग देता येतो, आणि टाकलेल्या दगडाला भाव आला.

दुसरा कचरा काळा, जड, डांबरासारखा चकाकणारा दगड. त्याला पेखब्लेंड म्हणत. जर्मनमध्ये पेख म्हणजे डांबर आणि पेख म्हणजे दुर्दैव. हा दगड दिसू लागला की चांदी संपत आली, असा अनुभव. 1789 साली मार्टिन क्लाप्रोट या रसायनशास्त्रज्ञानं क्रुश्ने होरीतल्या याच खनिजात एक नवा धातू शोधला आणि आठ वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम नाव दिलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याखिमोवात युरेनियमपासून रंग बनवण्याचा सरकारी कारखाना चालू झाला. त्या रंगानं पिवळी-हिरवी काच होते, अंधारात खास प्रकाश टाकला की ती उजळते. दुर्दैवी दगड असा दुसऱ्यांदा उपयोगी आला.

तिसरा कचरा या कारखान्याचा. युरेनियम काढून घेतल्यावर उरणारा तपकिरी चोथा जवळच्या जंगलात नेऊन टाकत. 1898 मध्ये पॅरिसला मारी आणि पिएर क्युरी यांच्या लक्षात आलं की पेखब्लेंडमध्ये युरेनियमपेक्षा कितीतरी पट तीव्र किरणं देणारं काहीतरी आहे. मूळ खनिज त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी विचार केला, युरेनियम काढून घेतलं तरी ते दुसरं द्रव्य चोथ्यात राहिलं असणार. तेव्हा इथे राज्य करणाऱ्या व्हिएन्नाच्या सरकारकडून परवानगी मिळाली आणि पोती निघाली. पोत्यांतल्या धुळीत पाइनची सुईसारखी पानं मिसळलेली होती, असं मारीनं स्वतः लिहिलं आहे. एका गळक्या शेडमध्ये ती लोखंडी कांबीनं कढया ढवळत राहिली, एका वेळी वीस-वीस किलो. काही टन चोथ्यातून 1902 साली तिच्या हाती आलं एक ग्रॅमचा दहावा हिस्सा रेडियम क्लोराइड, म्हणजे त्या दुसऱ्या द्रव्याचा क्षार.

हे मी आबांना खालच्या बागेतल्या बाकावर बसून सांगत होते. समोर रादियुम पालास हॉटेल, 1912 साली उघडलेलं, राजवाड्याएवढं. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती बाई झारेकरीच की गं."

याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. सोनारानं टाकलेला केर, तो धुणारा झारेकरी, आणि पोत्यामागे रतीभर धातू. फरक इतकाच की झारेकऱ्याला ठाऊक असतं तो काय शोधतोय. तिला त्या धातूचा रंगही माहीत नव्हता. आणि झारेकऱ्याच्या हाताला चांदी चटका देत नाही. तिची बोटं भाजून निघाली, शेवटी तिचं रक्तच नासलं. मारी क्युरी 1925 साली इथे येऊन गेली. ज्या डोंगराच्या चोथ्यानं तिला सगळं दिलं, तो तिनं त्या वेळी पाहिला.

चौथी गोष्ट पाण्याची. खाणीला पाणी हा शत्रू. 1864 मध्ये स्वोर्नोस्त खाणीच्या खोल पातळीवर पाणी फुटलं आणि खाण बुडाली. तेच कोमट पाणी पुढे तपासलं तेव्हा त्यात रेडॉन सापडला, आणि 1906 मध्ये इथे रेडॉनच्या पाण्यानं उपचार सुरू झाले, जगात पहिल्यांदा. सांधेदुखीचे लोक आजही येतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजकी मिनिटं त्या पाण्यात बसतात. 1518 मध्ये सुरू झालेली स्वोर्नोस्त आज चालू आहे ती फक्त या पाण्यासाठी. सुमारे 500 मीटर खोलीवरून पाणी वर आणतात. ज्यानं खाण बुडवली त्यानंच ती जिवंत ठेवली आहे. आबांना गुडघ्यांसाठी त्या पाण्यात बसायचं होतं, पण त्याला आधी तपासणी आणि दिवसांचा क्रम लागतो. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "एका दिवसात चांदी साफ हुत न्हाई, गुडघं कुठनं हुतील?"

दुपारनंतरचं लिहायला जड जातं.

गावावरच्या डोंगरातून एक पायवाट जाते, तिला याखिमोवचं नरक असं नाव आहे. आबांना सगळी जमणार नव्हती. आम्ही स्वोर्नोस्तच्या आसपासचा तुकडा चाललो. दुसरं महायुद्ध संपलं आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे राहणाऱ्या जर्मनभाषक लोकांना देशाबाहेर घालवलं गेलं. फळ्या ठोकलेली घरं त्यांची. त्याच सुमारास, नोव्हेंबर 1945 मध्ये, चेकोस्लोवाकियानं सोव्हिएत रशियाशी करार केला: इथलं युरेनियम त्यांना जाईल. बाँबसाठी. रिकाम्या गावात खणायला माणसं नव्हती. आधी जर्मन युद्धकैदी आणले. मग 1949 पासून आपल्याच देशातले, कम्युनिस्ट सरकारनं पकडलेले राजकीय कैदी.

छावण्यांची नावं खाणींवरून: स्वोर्नोस्त म्हणजे एकोपा, रोव्नोस्त म्हणजे समता, ब्रात्रस्त्वी म्हणजे बंधुता. या तिन्ही शब्दांभोवती काटेरी तार होती. कैद्यांमध्ये शेतकरी होते, पाद्री होते, बालवीर चळवळीतली पोरं होती, विद्यार्थी होते. 1947 आणि 1949 ला जगज्जेत्या ठरलेल्या बर्फावरच्या हॉकी संघातले खेळाडू होते. त्या संघाचा गोलरक्षक बोहुमिल मोड्री याला 1950 साली 15 वर्षांची शिक्षा झाली. इथल्या खाणीतून तो परतला, पण 1963 मध्ये किरणोत्साराच्या आजारानं गेला. ज्याच्यासाठी देश टाळ्या वाजवत होता, तो याच देशानं जमिनीखाली पाठवला.

स्वोर्नोस्त छावणी खाणीच्या बरोबर वर, कड्यावर होती. दोन्हींना जोडणाऱ्या सुमारे 260 पायऱ्या, दोन्ही बाजूंना तार. पाळी संपली की ओल्या कपड्यांनी त्या चढायच्या, हिवाळ्यात बर्फावरून. दुसऱ्या छावण्यांतून कैद्यांना एकमेकांना चिकटून उभं करायचे, सगळ्यांभोवती पोलादी दोर आवळायचे आणि तसंच खाणीपर्यंत चालवायचे. एक पडला की सगळे लडखडत. कैदी स्वतःला मुकल म्हणत. चेकमधल्या चार शब्दांची ती आद्याक्षरं, अर्थ: संपवण्यासाठी नेमलेला माणूस. धूळ अडवायला तोंडावर काही नाही, हातात काही नाही.

खाणीतला एक आडवा बोगदा, पहिल्या क्रमांकाचा, आता पाहायला खुला आहे. आत गार, डोक्यावर लाकडी आधार, बाजूला रूळ, छतातून ठिबकणारं पाणी. पाच-सहा जणांचा गट होता. एक म्हातारा चेक गृहस्थ एका वळणावर थांबला, भिंतीला हात लावून उभा राहिला आणि आम्ही सगळे पुढे जाईपर्यंत तसाच उभा होता. कुणी त्याला काही विचारलं नाही. बाहेर आल्यावर आबांनी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. त्यानं टोपी काढली.

मग बसनं खाली ऑस्त्रोवजवळच्या विक्मानोवला गेलो. तिथे सात मजली लाल विटांचा मनोरा आहे. खाणींतलं युरेनियम इथे येई, कैदी ते निवडत, दळत, पिंपांत भरत, आणि पिंपं मोहोरबंद गाड्यांतून पूर्वेला जात. लोक याला मरणाचा लाल मनोरा म्हणतात. 2019 मध्ये युनेस्कोनं क्रुश्ने होरीच्या दोन्ही बाजूंचा खाणप्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित केला, 22 ठिकाणं, त्यातली 5 चेक बाजूची. टांकसाळीच्या आणि लॅटिन शाळेच्या जोडीला हा मनोराही त्या यादीत आहे, हे मला फार बरोबर वाटतं. वारसा म्हटल्यावर माणसं फक्त मिरवण्यासारखं तेवढं पुढे करतात. इथे त्यांनी तसं केलेलं नाही.

मनोऱ्यासमोर आबांनी बाहेरूनच पाहिलं. "ह्या दळणातला केर कुणी धुतला असंल?" असं काहीसं पुटपुटले. माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि त्यांना ते नको होतं.

चौथा दिवस, रविवार

आज मुद्दाम हलकं ठेवलं. बसनं बोझी दारला गेलो. नावाचा अर्थ देवाचं देणं, शहराचा दर्जा असलेलं चेक देशातलं सर्वांत उंचावरचं ठिकाण, 1028 मीटर. ऊन होतं पण वारा थेट हाडात जाणारा. पलीकडे क्लीनोवेत्स शिखर.

गावाजवळच्या पाणथळ रानातून एक पाट निघतो आणि डोंगराच्या कडेकडेनं सुमारे 12 किलोमीटर जाऊन होर्नी ब्लात्ना गावाला पोचतो. 1540 ते 1544 या चार वर्षांत तो खणला, तिथल्या कथिलाच्या खाणींना आणि धातुक कुटणाऱ्या यंत्रांना पाणी पुरवायला. आम्ही त्याच्या काठानं तासभर चाललो. उतार इतका कमी की पाणी वाहतंय की थांबलंय हे पान टाकून बघावं लागलं. आबांनी पान टाकलं. गेलं. पावणेपाचशे वर्षांपूर्वी बिनयंत्राचा हा उतार ज्यानं डोळ्यांनी जोखला, त्याच्याबद्दल ते वाटभर बोलत होते. रांगेत बसवल्यासारखी घरं असलेलं होर्नी ब्लात्ना 1532 सालचं. रस्ते काटकोनात, आधी कागदावर आखून मग वसवलेलं.

परतीच्या वाटेवर आबेर्तामी. हेही चांदीचं गाव, 1529 मधलं. चांदी संपली तेव्हा इथले लोक गाव सोडून गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकात कातड्याचे हातमोजे शिवू लागले आणि पुढे त्यांचे हातमोजे परदेशी जात. आबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. चार दिवसांत त्यांना सर्वांत पटलेली गोष्ट बहुतेक हीच. हुपरीत चांदीची एक खाण नाही, कधी नव्हती. सगळी चांदी बाहेरून येते. गावाकडे आहेत ते फक्त हात.

संध्याकाळी याखिमोवच्या बसथांब्यावर बसलो होतो. वर स्वोर्नोस्तचा लोखंडी सांगाडा उजेडात उभा, त्याचं चाक हळूहळू फिरत होतं. आबांनी माझा फोन मागितला आणि हुपरीला भावाला लावला. तिकडे रात्र झाली होती.

"आज भाव काय निघाला?" त्यांनी आधी विचारलं. उत्तर ऐकलं. मग तब्येतीचं, पावसाचं. बस वळणावर दिसली, मी उठले. आबा अजून बोलत होते.

"आणि ऐक. कोपऱ्यातलं केराचं पोतं हाय न्हवं, ते कुणाला दिऊ नको. मी आल्यावर बघतो. एकदा आपुनच धुऊन बघू."